शालेय वयातील मेंदूविकास आणि आत्मनियंत्रण

मनात उसळलेली पहिली कृती आवरून ठरवलेल्या हेतूप्रमाणे वागण्याच्या क्षमतेला आत्मनियंत्रण म्हणतात. उत्तर येत असूनही आपली पाळी येईपर्यंत थांबणे, रंगात आलेला खेळ सोडून अभ्यासाला बसणे, राग आला तरी हात न उगारणे ही त्याची रोजची रूपे. साधारण ६ ते १२ या वयात ही क्षमता झपाट्याने वाढते, पण पूर्णत्वाला जात नाही. हे न जमणाऱ्या मुलाला हट्टी किंवा बेशिस्त ठरवणे सोपे असते आणि बहुतेक वेळा ते अन्यायाचे असते, कारण जो अवयव हे काम करतो त्याचीच घडण अजून चालू असते.

सहाव्या वर्षापर्यंत मेंदूचा आकार प्रौढ मेंदूच्या सुमारे ९० टक्के होतो. त्यामुळे पुढे फारसे काही घडायचे उरले नाही असे वाटते. प्रत्यक्षात आतल्या जोडण्यांचे मोठे काम बाकीच असते. लहानपणी चेतापेशींमध्ये गरजेपेक्षा कितीतरी जास्त सिनॅप्स (पेशींना जोडणारे सांधे) तयार होतात. वापरातले टिकतात, उरलेले हळूहळू नाहीसे होतात. त्याच काळात चेतातंतूंवर मायलिन या स्निग्ध पदार्थाचे आवरण चढते आणि संदेश वेगाने पोहोचू लागतात. मात्र सगळे भाग एकाच वेळी पक्व होत नाहीत. पाहणे, ऐकणे, हालचाल यांची केंद्रे आधी तयार होतात, तर कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स सर्वांत शेवटी, विशी ओलांडल्यावर. मेंदूसंशोधक जे गीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच मुलांचे काही वर्षांच्या अंतराने एमआरआय काढून १९९९ मध्ये दाखवले की, मेंदूच्या पुढच्या भागातील करडे द्रव्य (चेतापेशींची दाटी असलेला भाग) मुलींमध्ये सुमारे ११ व्या आणि मुलांमध्ये सुमारे १२ व्या वर्षी सर्वाधिक असते. त्यानंतर ते कमी होत जाते.

आत्मनियंत्रण प्रामुख्याने याच प्रीफ्रंटल कॉर्टेक्सवर अवलंबून असते. त्यात तीन क्षमता गुंतलेल्या आहेत. आवेग रोखणे ही पहिली. काम संपेपर्यंत सूचना डोक्यात धरून ठेवणारी कार्यस्मृती ही दुसरी, आणि नियम बदलला की वागणे बदलता येणे ही तिसरी. सात वर्षांच्या मुलाला वर्गाचा नियम विचारला तर तो बिनचूक सांगतो आणि पुढच्याच मिनिटाला मोडतो. यात लबाडी नसते. नियम माहीत असणे आणि ऐन क्षणी तो आठवून हात आवरणे ही मेंदूची दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसरे उशिरा जमते. लेव्ह वायगॉट्स्की आणि अलेक्झांडर लुरिया या मानसशास्त्रज्ञांनी येथे भाषेचे महत्त्व ओळखले. मूल आधी मोठ्यांच्या सांगण्याने थांबते, मग स्वतःशी मोठ्याने बोलत स्वतःला थांबवते, आणि शालेय वयात हे बोलणे मनातल्या मनात होऊ लागते. काम करताना पुटपुटणाऱ्या मुलाला म्हणूनच गप्प करू नये.

मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांचे मार्शमेलो (एक मऊ गोड खाऊ) प्रयोग या विषयात सर्वांत गाजले. समोरचा खाऊ लगेच न खाता थांबलेल्या मुलाला दुप्पट खाऊ मिळे. अशी मुले पुढे अभ्यासातही सरस ठरतात, हा निष्कर्ष जगभर पसरला आणि त्याला गरजेपेक्षा जास्त वजन मिळाले. २०१८ मध्ये मोठ्या नमुन्यावर झालेल्या अभ्यासात हा संबंध बराच क्षीण आढळला. घरची परिस्थिती लक्षात घेतल्यावर तो आणखी कमी झाला. त्याआधी सेलेस्ट किड यांच्या गटाने दाखवले होते की, आधी शब्द पाळणाऱ्या प्रयोगकर्त्यासमोर मुले सरासरी सुमारे १२ मिनिटे थांबतात, तर शब्द मोडणाऱ्यासमोर सुमारे ३ मिनिटेच. म्हणजे न थांबणे हा कधीकधी अनुभवावर आधारलेला शहाणपणाचा निर्णय असतो.

तरीही बालपणीचे आत्मनियंत्रण दुर्लक्षिण्यासारखे नाही. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे १,००० मुलांचा दीर्घकाळ मागोवा घेतला गेला. ३ ते ११ वर्षे वयात ज्यांचे आत्मनियंत्रण कमी होते, त्यांच्यात ३२ व्या वर्षी आरोग्याच्या आणि पैशांच्या अडचणी अधिक आढळल्या. बुद्ध्यांक आणि कौटुंबिक स्थिती हिशेबात धरूनही हा फरक उरला.

एडीएचडी (लक्ष टिकवणे अवघड जाणे आणि अतिचंचलता) असलेल्या मुलांमध्ये या घडणीचा क्रम बव्हंशी तोच असतो, गती मंद असते. फिलिप शॉ यांच्या २००७ च्या अभ्यासात कॉर्टेक्सची, म्हणजे मेंदूच्या एकूण बाह्य थराची, जाडी शिखरावर पोहोचण्याचे मध्यक वय इतर मुलांमध्ये ७.५, तर या मुलांमध्ये १०.५ वर्षे आढळले. वर्गातल्या समवयस्कांशी त्यांची तुलना करताना हे अंतर ध्यानात घ्यावे लागते.

प्रीफ्रंटल कॉर्टेक्स ताण आणि अपुरी झोप यांना लवकर बळी पडतो. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास झोप हवी असते. कार्यस्मृतीच्या संगणकीय सरावाने मूल त्या सरावात तरबेज होते, पण अभ्यासात किंवा वागण्यात त्याचा लाभ क्वचितच उतरतो. त्यापेक्षा कामाचे छोटे टप्पे पाडणे, ते डोळ्यांसमोर लिहून ठेवणे आणि मोह नजरेआड करणे हे उपाय लगेच उपयोगी पडतात, कारण त्यांमुळे कार्यस्मृतीवरचा भार हलका होतो.