प्रोटेक्शन बोर्ड म्हणजे चार्जर नव्हे

घरी टॉर्च, स्पीकर किंवा फवारणी पंपासाठी लिथियम-आयन सेलचा पॅक बनवणाऱ्यांकडून एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते ऐकताच मी आधी अ‍ॅडॉप्टरवरचे लेबल वाचायला घेतो: ‘बीएमएस लावला आहे, आता कोणताही अ‍ॅडॉप्टर चालतो.’

चार्जरचे काम बहुतेकांना ठाऊक असते. तो आधी ठरावीक प्रवाह देतो, सेल 4.2 व्होल्टला पोहोचल्यावर व्होल्टेज तेथेच धरून प्रवाह उतरू देतो आणि प्रवाह अगदी कमी झाला की थांबतो. टीपी4056 ही चार्जरची चिप 1 अँपिअरवर लावलेली असेल, तर ती साधारण 100 मिलीअँपिअरवर थांबते.

बीएमएस, म्हणजे पॅकला जोडलेला प्रोटेक्शन बोर्ड, यातले काहीही करत नाही. त्याच्याकडे केवळ एक स्विच असतो आणि मर्यादा ओलांडली गेली की तो जोडणी तोडतो. एका सेलच्या बोर्डांवर सर्रास आढळणारी डीडब्ल्यू01 ही चिप सुमारे 4.3 व्होल्टला चार्जिंग तोडते, म्हणजे सेल आधीच 4.2 च्या पुढे गेलेला असतो. घरातला एमसीबी पाडून कोणी पंख्याचा वेग कमी करत नाही. येथे मात्र नेमके तेच केले जाते.

तीन सेल एकापुढे एक जोडलेला पॅक घ्या. पूर्ण भरल्यावर तो 12.6 व्होल्टचा असतो. त्याला लॅपटॉपचा 19 व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लावला, तर प्रवाह किती जाईल हे ठरवणारे मध्ये कोणीच नसते. अ‍ॅडॉप्टर स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडेल किंवा तापेल, आणि सेलना सोसवेल त्याहून अधिक प्रवाह जाईल. चार्जिंग पूर्ण झाल्याचे ठरवण्याचे कामही बीएमएसच्या मॉस्फेटवर, म्हणजे त्याच्या इलेक्ट्रॉनिक स्विचवर, येते. मॉस्फेट खराब होतो तेव्हा तो बहुधा शॉर्ट होतो, म्हणजे जोडणी उघडण्याऐवजी कायमची जुळलेली राहते, आणि त्यानंतर अडवणारे काहीही उरत नाही. साधा 12 व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर ‘12.6 पेक्षा कमीच आहे’ म्हणून सुरक्षित मानणेही चुकीचे आहे, कारण 9 व्होल्टपर्यंत उतरलेल्या पॅकला तो लावताच प्रवाहाचा प्रश्न तसाच उभा राहतो. शिवाय मल्टिमीटरवर नेमके 12.6 दिसले, तरी प्रवाहाला मर्यादा आहे असे सिद्ध होत नाही. मी लेबलवर ‘सीसी-सीव्ही’ (आधी स्थिर प्रवाह, मग स्थिर व्होल्टेज) किंवा लिथियम चार्जर असे स्पष्ट लिहिलेले पाहूनच वायर लावतो.

या गोंधळाला टीपी4056 चे छोटे निळे मॉड्यूलही कारणीभूत आहे, कारण त्याच्या एका प्रकारात चार्जर आणि संरक्षण शेजारीशेजारी बसवलेले असतात. आउटपुटचे दोन वेगळे पॅड असलेला प्रकार संरक्षणासह असतो. फक्त बॅटरीचे पॅड असलेल्यात निव्वळ चार्जर असतो. संरक्षण असलेल्या मॉड्यूलमध्येही लोड, म्हणजे चालवायचे उपकरण, बॅटरीच्या पॅडवर जोडला, तर संरक्षणाला वळसा घातला जातो, आणि ही चूक मला दर दुसऱ्या जोडणीत दिसते. बाजारातून येते तेव्हा हे मॉड्यूल 1 अँपिअरवर लावलेले असते, जे 500 मिलीअँपिअर-तासांच्या लहान पाउच सेलसाठी फारच जास्त आहे, तेथे प्रवाह ठरवणाऱ्या 1.2 किलोओहमच्या रोधकाच्या जागी सुमारे 5 किलोओहमचा रोधक बसवून प्रवाह पाव अँपिअरवर आणावा.

सेल रिकामा होण्याच्या टोकाबद्दल एवढेच लक्षात ठेवावे की डीडब्ल्यू01 जोडणी तोडते ती सुमारे 2.4 व्होल्टला, म्हणून उपकरण 3 व्होल्टच्या आसपास बंद होण्याची सोय वेगळी करावी. सेलवर 9900 मिलीअँपिअर-तास छापलेले असेल, तर तो सेल दुकानातच ठेवावा. 18650 या नेहमीच्या दंडगोल आकारात चांगले सेलही साडेतीन हजारांच्या आसपासच थांबतात.

चार्जिंग चालू असताना लोडही चालू राहणार असेल, तर आणखी एक अडचण येते. लोड 100 मिलीअँपिअरहून अधिक घेत असेल, तर टीपी4056 ला सेल भरल्याचे कधीच कळत नाही आणि तो 4.2 व्होल्ट धरूनच बसतो. अशा ठिकाणी मी पॉवर-पाथची, म्हणजे लोडला सेलपासून वेगळ्या वाटेने वीज देण्याची, सोय असलेली चार्जर चिप वापरतो.