पॅरिशची हद्द आणि ‘आपला-परका’

कूपमंडूक वृत्तीला इंग्रजीत ‘पॅरोकिअल’ म्हणतात, म्हणजे आपल्या पॅरिशपलीकडे न पाहणारी. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला परिसर. ही वृत्ती अज्ञानातून येते, असं सर्रास मानलं जातं. इंग्लंडचा इतिहास पाहिला तर मला हे अपुरं वाटतं. तिथे या वृत्तीला कायद्याने खतपाणी घातलं.

१६०१च्या गरीब कायद्याने निराधारांना पोसण्याची जबाबदारी पॅरिशवर टाकली. खर्चाचा कर तिथल्याच रहिवाशांनी भरायचा. हेतू चांगलाच होता. पण इंग्लंड-वेल्समध्ये पॅरिश सुमारे १५,०००, त्यातल्या कित्येक अगदी चिमुकल्या. दोन-तीन कुटुंबं उघड्यावर आली तरी सगळ्यांच्या खिशाला झळ बसायची. मग माणूस आपला की परका, याला पैशाचं मोल आलं. १६६२च्या कायद्याने तर वर्षाला १० पौंडांहून कमी भाड्याच्या घरात राहायला आलेल्या नवख्याला, तो पुढेमागे भार होईल एवढ्या संशयावरून, ४० दिवसांत तक्रार झाली तर मूळ पॅरिशमध्ये परत धाडायची सोय केली.

याचे परिणाम वाचताना अंगावर काटा येतो. अनौरस मूल जिथे जन्मेल तिथलं ठरे. त्यामुळे दिवस भरत आलेल्या अविवाहित बाईला घाईघाईने हद्दीपार पोचवलं जाई. अविवाहित गड्याने सलग वर्षभर चाकरी केली की त्याला तिथला हक्क मिळे, म्हणून मालक त्याला ५१ आठवड्यांसाठीच कामावर ठेवत. १६९७पासून मदत घेणाऱ्याच्या कपड्यावर ‘पी’ आणि पॅरिशचं आद्याक्षर असा बिल्ला लावणं सक्तीचं झालं. हे करणारे अधिकारी त्याच गावचे साधे रहिवासी होते. त्यांना दुष्ट म्हणून मोकळं होता येत नाही.

१७७६मध्ये अ‍ॅडम स्मिथ यांनी या कायद्यावर कडाडून टीका केली. गरिबाला समुद्राची खाडी किंवा डोंगररांग ओलांडण्यापेक्षा पॅरिशची हद्द ओलांडणं अनेकदा कठीण जातं, असं त्यांचं म्हणणं होतं. १७९५पासून प्रत्यक्ष मदत मागितल्याशिवाय सहसा कुणाला हुसकता येईना. १८३४मध्ये पॅरिश एकत्र करून संघ बनवले, तरी आपापल्या गरिबांचा खर्च पॅरिशकडेच राहिला. काही जमीनदार तर मजुरांची घरंच पाडत, म्हणजे मजूर शेजारच्या पॅरिशमधून कामाला येत आणि भार तिकडे पडे. १८६५मध्ये खर्च संपूर्ण संघावर टाकला गेला, तेव्हा घरं पाडण्यातला हा फायदा संपला.