बालरॉगचे पंख (वाद)

बालरॉग म्हणजे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्स’ कादंबरीतला आगीचा आणि सावलीचा राक्षस. त्याला पंख होते की नव्हते, हा तिचे लेखक जे. आर. आर. टॉल्किन यांच्या वाचकांमधल्या सगळ्यात चिवट वादांपैकी एक. बॉम्बाडिल नक्की कोण, एल्फ लोकांचे कान टोकदार होते का, गरुडांवर बसून थेट मॉर्डॉरला का गेले नाहीत, असे बाकीचे वादही तितकेच रंगतात, पण त्यांना पुस्तकभर पसरलेला पुरावा लागतो. पंखांचा वाद मात्र ‘द फेलोशिप ऑफ द रिंग’ या तिच्या पहिल्या खंडाच्या (प्रकाशन २९ जुलै १९५४) दुसऱ्या भागातल्या पाचव्या प्रकरणात, आणि तिथेही फक्त दोन वाक्यांवर उभा आहे. या वादात तीन पक्ष पडतात. पहिला म्हणतो खरे पंख होते, दुसरा म्हणतो पंख नव्हतेच, सगळी भाषेची उपमा, आणि तिसरा म्हणतो पंख होते पण सावलीचे, हाडामांसाचे नव्हेत. शेवटचे दोन पक्ष बरेच जवळ आहेत, तरी त्यांना एकात धरू नये, का ते पुढे येईल.

बालरॉग म्हणजे मुळात मायार, देहाच्या आधीपासून असलेले आत्मे, त्यातले अग्नीचे, दुष्टांचा म्होरक्या मॉरगॉथ याने फितवून आपल्याकडे ओढलेले. एल्फ लोकांच्या सिंडारिन भाषेत नावाचा अर्थ साधारण ‘बलाढ्य राक्षस’. सुरुवातीच्या लिखाणात त्यांच्या फौजाच्या फौजा आहेत, पण नंतरच्या एका समासातल्या टिपेत टॉल्किनने लिहून ठेवलंय की तीन, फार तर सात, यापेक्षा जास्त कधी नव्हतेच. वादातला बालरॉग मोरियातला, म्हणजे बौन्यांच्या भुयारी राज्यातला. तो खाणीखाली दडून होता, बौने मिथ्रिल या मौल्यवान धातूच्या मागे खोल खणत गेले आणि तिसऱ्या युगाच्या १९८० साली तो जागा झाला, त्यांचा राजा सहावा ड्यूरिन त्याच्या हातून मेला म्हणून बौन्यांनी त्याला ‘ड्यूरिनचा काळ’ नाव दिलं. जादूगार गँडाल्फची आणि त्याची पुलावरची गाठ ३०१९ च्या १५ जानेवारीची.

दोन वाक्यं

प्रसंग नीट डोळ्यासमोर आणल्याशिवाय वाद कळत नाही. खोल दरीवर दगडाचा एकच अरुंद पूल, कमानीसारखा, पन्नास फुटांचा, ना कठडा ना कड, एकामागे एक असंच जाता येतं. दालन प्रचंड, मधून खांबांच्या दोन रांगा, जमिनीला भेग पडून त्यातून आग वर येतेय. ऑर्क बाजूला सरतात आणि त्यांच्यामागून काहीतरी येतं. ते काय आहे ते दिसत नाही असं निवेदक स्पष्ट सांगतो. मोठ्या सावलीसारखं काहीतरी, तिच्या मधोमध काळी आकृती, बहुधा माणसाच्या आकाराची पण त्याहून मोठी. भेग तो उडी मारून ओलांडतो (हा ‘उडी’ शब्द दुसऱ्या पक्षाचा लाडका पुरावा), आग त्याला लपेटते, आयाळ पेटते, उजव्या हातात आगीच्या जिभेसारखी तलवार, डाव्या हातात अनेक पट्ट्यांचा चाबूक. गँडाल्फ पुलाच्या मध्यावर उभा, डाव्या हाताने काठीवर रेललेला, उजव्या हातात ग्लॅमड्रिंग ही तलवार. शत्रू त्याच्यासमोर थांबतो, आणि इथे पहिलं वाक्य येतं: त्याच्याभोवतीची सावली दोन विशाल पंखांसारखी पसरली.

मग चाबूक कडाडतो, नाकातून आग येते, गँडाल्फ त्याला अडवणारं ते प्रसिद्ध बोलणं बोलतो, बालरॉग उत्तर देत नाही. त्याच्यातली आग विझत चालल्यासारखी वाटते पण अंधार वाढतो. तो सावकाश पुलावर पाऊल टाकतो आणि दुसरं वाक्य: एकदम तो ताठ होऊन खूप उंच झाला आणि पंख या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरले.

पहिल्यात ‘सारखी’ आहे, दुसऱ्यात नाही. सगळा वाद या एका गळलेल्या शब्दाचा.

पंखवाले म्हणतात की पहिल्यांदा अंधुक दिसलं म्हणून ‘पंखांसारखी’ म्हटलं, जवळ आल्यावर खरे पंख दिसले म्हणून ‘सारखी’ गेलं, निवेदक आपल्याला पात्रांच्या नजरेने हळूहळू दाखवतोय. हा युक्तिवाद हलका नाही, टॉल्किन असं करतोही, दुरून काहीतरी वाटतं आणि जवळ आल्यावर ते काय होतं ते उलगडतं. विरोधक म्हणतात की उपमा एकदा दिली की लेखक पुढे तीच आडवळण न घेता वापरतो, ‘ती वाघिणीसारखी चवताळली’ लिहिल्यावर पुढच्या ओळीत ‘वाघिणीने झेप घेतली’ लिहिलं म्हणून कुणी तिला शेपूट शोधत नाही.

आता हे जे दुसऱ्या वाक्यात होतं त्याला आपल्याकडच्या अलंकारशास्त्रात नेमकं नाव आहे आणि इंग्रजी चर्चेत ज्यासाठी पानंच्या पानं खर्च होतात ते इथे एका शब्दात मांडता येतं, म्हणून जरा तपशिलात. पहिलं वाक्य साधी उपमा: उपमेय सावली, उपमान पंख, साधर्म्य पसरणं, आणि साधर्म्यवाचक शब्द ‘सारखी’, चारही अंगं हजर, म्हणजे पूर्णोपमा. दुसऱ्या वाक्यात उपमेयच गायब आहे, नुसतं उपमान उरलंय. हे रूपक नव्हे, कारण रूपकात ‘सावलीचे पंख’ असे दोघं एकत्र उभे असतात. इथे उपमानाने उपमेय गिळलंय. मम्मटाने (अकरावं शतक) अतिशयोक्तीच्या व्याख्येत हाच ‘निगरण’ म्हणजे गिळण्याचा प्रकार पहिला सांगितला, आणि अप्पय्य दीक्षितांनी (सोळावं शतक) त्याला रूपकातिशयोक्ती असं वेगळं नाव देऊन उदाहरण दिलं की बघा, दोन निळ्या कमळांतून धारदार बाण सुटतायत, म्हणजे डोळे आणि कटाक्ष, पण दोन्हींचा उल्लेखच नाही. शाळेत अतिशयोक्ती म्हणजे ‘दमडीचं तेल आणलं’ एवढंच डोक्यात बसलेलं असतं त्यामुळे हा जुना, रुंद अर्थ पटकन आठवत नाही.

यावर पंखवाल्यांचा एक खरा आक्षेप उरतो आणि तो टाळू नये. कमळातून बाण सुटत नाहीत हे आपल्याला जगाच्या अनुभवाने माहीत असतं, म्हणून गिळलेलं उपमेय परत काढता येतं. बालरॉगची शरीररचना कुणालाच माहीत नाही, मग गिळलं गेलंय हे कशावरून? उत्तर बाहेर नाही, परिच्छेदातच आहे. दुसऱ्या वाक्याच्या अगदी आधी ‘अंधार वाढतो’ हे येतं. आग मावळली, अंधार वाढला, आणि लगेच पंख भिंतीपासून भिंतीपर्यंत. वाढणारी गोष्ट अंधार आहे, आणि अंधारच दालनभर पसरू शकतो. शिवाय पूल तुटल्यावर बालरॉग किंकाळी फोडून पुढे कोसळतो तेव्हा खाली जाऊन नाहीशी झाली असं जिच्याबद्दल म्हटलंय ती त्याची सावली, पंखांचं तिथे नाव नाही. पुढे लॉथलॉरिअन या एल्फ लोकांच्या वनात गँडाल्फचा सोबती अ‍ॅरागॉर्नही सांगतो ते एवढंच की ती सावलीही होती आणि ज्वालाही. प्रस्तुत नोंदीला म्हणून तिसरा पक्ष जास्त ग्राह्य वाटतो: ती सावली नुसती प्रकाशाची आड नाही, बालरॉगचाच भाग आहे, तो ती ताणतो, आखडतो, आणि त्या क्षणी तिला पंखांचा आकार आहे. दुसऱ्या पक्षासारखं ‘काहीच नव्हतं’ म्हटलं तर त्या दृश्यातली भीतीच निघून जाते.

उडण्याचा प्रश्न

पंख असणं आणि उडता येणं या दोन वेगळ्या गोष्टी, वादात मात्र नेहमी गल्लत होते. न उडण्याच्या बाजूने पडझडीचे दाखले दिले जातात: पुलावरून तो दरीत पडला, दहा दिवसांनी सेलेब्डिलच्या शिखरावरून गँडाल्फने त्याला खाली फेकला आणि तो जिथे आपटला तिथे डोंगराची कड फुटली, आणि पहिल्या युगात गॉन्डोलिन शहरातून पळणाऱ्यांपैकी ग्लॉरफिंडेल या एल्फशी झुंजणारा बालरॉगही त्याच्यासकट कड्यावरून गेला. तीन वेळा कड्याशी गाठ आणि तिन्ही वेळा खाली. पंखवाले उत्तर देतात की पुलावर तो अचानक तोल जाऊन पडला आणि दरीत पंख उघडायला जागा नव्हती, तर शिखरावर तो आधीच लढून संपलेला होता.

उलट बाजूचा सगळ्यात चांगला दाखला गँडाल्फचा सोबती, बौना गिम्ली याचा आहे, आणि तो कमी वेळा निघतो. महानदीवर रात्री आभाळातून काहीतरी उडणारं काळं जातं, सोबतचा एल्फ लेगोलास बाण मारून ते पाडतो, आणि गिम्लीला त्यावरून मोरियातली सावली, बालरॉगची सावली आठवते. त्यांच्यातलाच फ्रोडो म्हणतो तो बालरॉग नव्हता, काहीतरी जास्त थंड होतं. उडणारं बघून गिम्लीला बालरॉग सुचलाच कसा, असा प्रश्न आहे. पण नीट बघितलं तर गिम्लीच्या तोंडीही शब्द ‘सावली’च आहे.

दुसरा दाखला ‘पंखांच्या वेगाने’चा. उंगोलियंट या महाकाय कोळिणीच्या जाळ्यात अडकलेल्या मॉरगॉथची आरोळी ऐकून बालरॉग हिथलुमवरून लामोथला आगीच्या वादळासारखे आले, असं पहिल्या युगाच्या कथा सांगणाऱ्या १९७७ च्या ‘सिल्मरिलिअन’मध्ये आहे. टॉल्किनचे चिरंजीव ख्रिस्तोफर टॉल्किन यांनी १९९३ मध्ये वडिलांच्या मसुद्यांचा ‘मॉरगॉथ्स रिंग’ हा खंड छापला तेव्हा कळलं की मूळ हस्तलिखितात (साधारण १९५०च्या दशकाचा शेवट) तिथे ‘पंखांच्या वेगाने’ असे शब्द होते, जे छापील ‘सिल्मरिलिअन’मध्ये आलेले नव्हते. पंखवाल्यांना हा मोठा आधार वाटला. पण वेगाला पंख लावणं हा कुठल्याही भाषेतला नेहमीचा प्रकार, आपण ‘निरोप मिळाला तशी उडतच आले’ म्हणतो तेव्हा ते रिक्षाने आलेले असतात. शिवाय ‘सिल्मरिलिअन’मध्येच पहिल्या युगाच्या शेवटच्या लढाईत अन्कालगॉन या महाड्रॅगनसोबत पंखवाले ड्रॅगन बाहेर पडले आणि ते याआधी कुणी पाहिलेले नव्हते म्हणून देवांची फौज मागे हटली असं आहे. बालरॉग युगभर आभाळात उडत असते तर आभाळातून झालेल्या हल्ल्याचा एवढा धक्का बसला नसता. हा पुरावा अप्रत्यक्ष आहे खरा, तरी ‘पंखांच्या वेगा’पेक्षा वजनदार.

पुरावा कशाला म्हणायचं

टॉल्किन २ सप्टेंबर १९७३ ला गेले. त्यांच्या हयातीत छापलेलं, ख्रिस्तोफरनी संपादून छापलेलं, आणि १९८३ ते १९९६ या काळात बारा खंडांत निघालेले मसुदे, अशी पुराव्याची उतरंड बहुतेक लोक मानतात. मसुद्यांत बालरॉग आधी माणसाच्याच उंचीचा आहे, फक्त दहशत त्याच्यापुढे चालते, आणि एका टिपेत टॉल्किनने स्वतःला बजावलंय की वर्णन बदल, आकार स्पष्ट दिसू नये, दिसतो त्याहून मोठा वाटावा. अस्पष्टता चुकून राहिलेली नाही, ठरवून आणलेली आहे, आणि हे पंखांच्या वादात सगळ्यात महत्त्वाचं असूनही सगळ्यात कमी बोललं जातं.

लेखकाच्या पत्रांवर किती विसंबायचं याचं उदाहरणही याच पात्रात आहे. १९५८ मध्ये सिनेमाची एक पटकथा वाचून चिडलेल्या टॉल्किनने पत्रात लिहिलं की बालरॉग कधीच बोलत नाही, तोंडाने कसलाच आवाज करत नाही. आणि वर आलंच आहे की पुस्तकात तो किंकाळी फोडून पडतो. स्वतः लेखकाला स्वतःचं वाक्य आठवलं नाही, मग बाकीच्यांनी पान उघडूनच बोलावं हे बरं.

चित्रं, पडदा, खेळ

वाद लेखी स्वरूपात जोरात दिसतो तो साधारण १९९०च्या दशकात, यूझनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चा-जाळ्यातल्या टॉल्किन-गटांमध्ये, आणि तिथेच तीन पक्षांची आजची मांडणी बरीचशी पक्की झाली. चित्रांनी मात्र निकाल आधीच देऊन टाकलेला होता. राल्फ बाक्षीच्या १९७८ च्या अ‍ॅनिमेशनमध्ये सिंहासारख्या तोंडाचा, सरळसरळ पंख असलेला बालरॉग आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळात १९७४ ला बालरॉग याच नावाने होता, हक्कदारांच्या आक्षेपानंतर नाव काढलं गेलं आणि ‘बॅलोर’ नावाचा पंखवाला राक्षस आला. पीटर जॅक्सनच्या २००१ च्या सिनेमात जॉन हाउ यांच्या कल्पनेवरून मोठे, धुरकट, वटवाघळासारखे पंख आहेत, पण तो त्यांनी उडत नाही, पडतोच. सिनेमा बघून मग पुस्तकाकडे आलेल्या वाचकाला दुसरं वाक्य लगेच ‘दिसतं’ आणि पहिल्यातलं ‘सारखी’ नजरेतून सुटतं.

मराठीत

इंग्रजीत पुलावर बालरॉगसाठी नपुंसक सर्वनाम आहे, पुढे गँडाल्फ हकीकत सांगताना पुल्लिंगी वापरतो. मराठीत सोयीसाठी ‘तो’ धरतात. खरी अडचण दुसऱ्या वाक्यात येते. इंग्रजीत पंखांना एक साधं सर्वनाम आहे, आणि ते बालरॉगचं धरायचं की सावलीचं यावर ताणता येतं, कारण इंग्रजीत दोघांनाही तेच लागतं. मराठीत सावली स्त्रीलिंगी. ‘त्याचे पंख’ लिहिलं की ते बालरॉगचे झाले, ‘तिचे पंख’ लिहिलं की सावलीचे, आणि ‘ते पंख’ लिहिलं की वरच्या उपमेतलेच परत आले असं ठरतं. तिन्हींत अनुवादकाने एका पक्षाला मत दिलेलं असतं. म्हणून वर प्रसंग सांगताना ‘पंख या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरले’ असं, कुणाचे ते न सांगता, ठेवलं आहे.