मेगावॅट वाढले; युनिट किती?

महावितरणच्या बिलावर दोन वेगळे आकडे असतात: मंजूर भार किलोवॅटमध्ये, वापर युनिटमध्ये (एक किलोवॅट तासभर ओढला की एक युनिट). भार तीन किलोवॅट मंजूर आहे म्हणून नाशिकरोडचं कुठलंच घर चोवीस तास तीन किलोवॅट ओढत नाही. पण ‘देशाची पवनऊर्जा ५० गिगावॅटवर’ अशी बातमी आली, की हा फरक भलेभले विसरतात.

५० गिगावॅटचा टप्पा २०२५ च्या मार्चअखेर ओलांडला, हे खरंच. देशाच्या एकूण स्थापित क्षमतेचा हा साधारण दहावा हिस्सा. वर्षभरात तयार झालेल्या विजेत मात्र वाऱ्याचा वाटा पाच टक्क्यांच्याही आतच.

नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या कोळशावरच्या वीजकेंद्राचं उदाहरण घ्या. २१० मेगावॅटचे तीन संच, म्हणजे ६३० मेगावॅट. पूर्ण भाराने दिवसभर चालले तर दीड कोटी युनिट. तेवढ्याच क्षमतेच्या पवनचक्क्या, देशाची सरासरी धरली तर, दिवसाला तीसेक लाख युनिट देतील.

कारण पवनचक्कीवर लिहिलेला मेगावॅटचा आकडा जोरदार वाऱ्याचा असतो, सेकंदाला १२ मीटरच्या आसपासचा. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा झाला की ऊर्जा थेट आठव्या हिश्श्यावर. शेजारच्या साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावरच्या चक्क्यांची खरी कमाई पावसाळी वाऱ्यांवर होते. दिवाळीनंतर त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. त्यांना कोळसा लागत नाही, त्यामुळे कमी युनिट म्हणजे उधळपट्टी असंही नाही.

२०२४-२५ मध्ये चार हजारांहून जास्त मेगावॅट नव्याने जोडले गेले. युनिट मात्र आदल्या वर्षाइतकेच, ८,३०० कोटींच्या आसपास. मार्चमध्ये जोडलेली चक्की सरलेल्या पावसाळ्याचा वारा कुठून पकडणार?

पुढे जूनअखेर देशाच्या क्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा (सौर, पवन, जल, अणू वगैरे) वाटा ५० टक्क्यांवर गेला. त्यावरून निम्मी वीज हरित झाली, असा अर्थ अनेकांनी काढला. अजून बहुतांश वीज कोळशाचीच आहे.

एकलहऱ्याचे संचही कायम पूर्ण भाराने चालत नाहीत, हा आक्षेप रास्त. फक्त त्यांचा भार किती ठेवायचा हे राज्य भार प्रेषण केंद्र मागणी आणि दर बघून ठरवतं. पवनचक्कीला वाढीव वीज द्यायला सांगून उपयोग नाही.