खोलीत आहे आणि खोलीत जेवतो: जपानीतले ‘नि’ आणि ‘दे’

खोलीत टेबल आहे. खोलीत जेवतो. मराठीत दोन्हीकडे तोच ‘त’, आणि त्यात आपल्याला काही खटकत नाही. जपानीत मात्र पहिलं वाक्य होतं ‘हेया नि तेएबुरु गा आरिमास’ आणि दुसरं ‘हेया दे गोहान ओ ताबेमास’. अदलाबदल केली तर ऐकणाऱ्याला अर्थ लागतो, पण वाक्य त्याच्या कानाला लगेच टोचतं. शिकणाऱ्यांमध्ये गाजावाजा असतो तो ‘वा’ (विषय दाखवणारा) आणि ‘गा’ (कर्ता दाखवणारा) यांचा. पण वा-गा चुकलं तर बऱ्याचदा वाक्याचा रोख तेवढा बदलतो. नि-दे चुकलं तर वाक्यच मोडतं. म्हणून पहिल्या सहा महिन्यांत जास्त मेहनत या जोडीवर घ्यावी.

आधी दोन बारीक गोष्टी. जपानीतला ओ दीर्घ असेल तिथे इथे ‘ओओ’ लिहिलं आहे, कारण देवनागरीत ती लांबी एरवी दिसत नाही आणि जपानीत तिच्यावर अर्थ ठरतो. दुसरं म्हणजे, देवनागरीत जपानी वाचताना ‘नि’ हा आपला ‘मी नि तू’मधला ‘नि’ वाटतो. तो तसा नाही. दोन नामं जोडायला जपानीत ‘तो’ येतो.

आता मूळ फरक. ‘नि’ ठिकाण दाखवतो ते ठाण म्हणून: वस्तू किंवा माणूस जिथे आहे, जिथे जाऊन पोचतो, जिथे टेकतो. ‘दे’ तेच ठिकाण दाखवतो ते मैदान म्हणून: तिथे काहीतरी घडतं, कोणीतरी काही करतं. खोली एकच आहे. टेबलासाठी ती ठाण आहे, जेवणाऱ्यासाठी मैदान. म्हणजे ‘नि’ की ‘दे’ हे जागेवरून कधीच ठरत नाही, क्रियापदावरून ठरतं. मराठी बोलणारा इथेच घसरतो, कारण तो आधी नामाला प्रत्यय लावतो आणि क्रियापद मागाहून आठवतो.

हे सगळं एकाच वाक्यात पाहता येतं:

तोशोकान दे, नोओतो नि, एन्पित्सु दे, निहोनगो दे नामाए ओ काकिमाशिता.
ग्रंथालयात, वहीत, पेन्सिलने, जपानीत नाव लिहिलं.

मराठीत तीन ‘त’ आहेत. ग्रंथालय म्हणजे लिहिण्याचं काम चाललं ती जागा, म्हणून ‘दे’. वहीवर अक्षरं उमटली आणि तिथेच राहिली, म्हणून ‘नि’. पेन्सिल साधन, म्हणून ‘दे’. जपानी भाषा हेही साधनच, म्हणून पुन्हा ‘दे’. ‘नोओतो दे’ म्हटलं तर वही हे लिहिण्याचं साधन झालं, जणू पेनाच्या जागी वही हातात धरली आहे. या वाक्यात ‘काकु’च्या (लिहिणं) जागी दुसरी क्रियापदं घालून पाहा, अर्ध्या तासात हात बसतो. असं भरगच्च वाक्य प्रत्यक्षात कोणी बोलत नाही, सरावापुरतंच ते ठीक आहे.

जवळजवळ एकाच अर्थाच्या क्रियापदांच्या जोड्या घेतल्या की फरक आणखी स्वच्छ होतो. टोकियोत राहतो हे ‘तोओक्योओ नि सुन्दे इमास’, पण टोकियोत आयुष्य घालवतो, दिवस काढतो हे ‘तोओक्योओ दे कुराशिते इमास’. ‘सुमु’ म्हणजे वस्ती करणं, ठाण मांडणं. ‘कुरासु’ म्हणजे जगणं, रोजचं सगळं करणं. तसंच कंपनीचं. ‘काइशा नि त्सुतोमेते इमास’ म्हणजे कंपनीत नोकरीला आहे, ‘काइशा दे हाताराइते इमास’ म्हणजे कंपनीत काम करतो. पहिल्यात कंपनीशी बांधलेलं नातं आहे, दुसऱ्यात हातापायांची हालचाल. हॉटेलात मुक्काम केला हे ‘होतेरु नि तोमारिमाशिता’, हॉटेलात जेवलो हे ‘होतेरु दे ताबेमाशिता’. ट्रेनमध्ये चढणं ‘देन्शा नि नोरु’, ट्रेनने जाणं ‘देन्शा दे इकु’. आणि उतरणं? ते ‘देन्शा ओ ओरिरु’, तिथे नि-दे दोन्ही नाहीत.

क्रियापद एकच आणि दोन्ही पार्टिकल (नामामागे येणारे ‘नि’, ‘दे’सारखे छोटे शब्द) चालतात, अशाही जागा आहेत. तिथे चूक होत नाही, चित्र बदलतं. ‘तोओक्योओ नि इए ओ काइमाशिता’ म्हटलं की घर टोकियोत आहे. ‘तोओक्योओ दे’ म्हटलं की खरेदी टोकियोत झाली, इथे लक्ष व्यवहारावर आहे. ‘सोफाआ नि नेरु’ म्हणजे सोफ्यावर आडवं होणं, ‘सोफाआ दे नेरु’ म्हणजे सोफ्यावर झोप काढणं. आपलं ‘झोपणे’ही हे दोन्ही अर्थ पोटात घेऊन असतं, म्हणून हा भेद आपल्याला चटकन पकडता येतो.

मराठी कुठे हात देते

फक्त ‘त’ फसवतो. बाकी मराठी प्रत्यय बरेच कामाचे आहेत. आपला ‘ला’ बहुतेक वेळा सरळ ‘नि’वर जातो. मित्राला देतो: ‘तोमोदाचि नि आगेमास’. टोकियोला जातो: ‘तोओक्योओ नि इकिमास’. मित्राला भेटतो: ‘तोमोदाचि नि आइमास’. हे शेवटचं वाक्य इंग्रजीतून जपानी शिकणारे हमखास चुकतात आणि तिथे कर्माचा ‘ओ’ लावतात. मराठीवाल्याला ते फुकटात येतं.

साधनाचा ‘ने’ तसाच ‘दे’वर जातो: बसने, हाताने, चमच्याने. कारण सांगणारा ‘ने’ किंवा ‘मुळे’ पण ‘दे’च. ‘काझे दे यासुमिमाशिता’, सर्दीमुळे सुट्टी घेतली. तिघांनी मिळून, एकट्याने, सगळ्यांनी मिळून हे अनुक्रमे ‘सान्निन दे’, ‘हितोरि दे’, ‘मिन्ना दे’. मात्र ‘तनाकाने पुस्तक वाचलं’ यातला ‘ने’ कर्त्याचा आहे, साधनाचा नाही. तिथे ‘तानाका सान वा’ किंवा ‘गा’ येतो. भूतकाळातली वाक्यं रचताना हा ‘ने’ शब्दशः उचलला जाण्याचा धोका असतो. आणि शिक्षकांकडून कौतुक झालं अशा कर्मणी वाक्यात ‘कडून’ला ‘नि’ लागतो: ‘सेन्सेइ नि होमेरारेमाशिता’.

वेळेचंही बघा. सात वाजता, सोमवारी, 2010 साली, अशा घड्याळात किंवा कॅलेंडरवर बोट ठेवता येणाऱ्या वेळेला ‘नि’ (वारांना तो गाळलेला चालतो). आज, उद्या, रोज, पुढच्या आठवड्यात यांना काहीच नाही. ‘आशिता नि इकिमास’ ही पहिल्या महिन्यातली ठरलेली चूक आहे. ‘एका तासात संपलं’ यातला ‘त’ म्हणजे लागलेला वेळ, तो ‘इचिजिकान दे’. ‘आठवड्यातून दोनदा’ मात्र ‘इश्शूकान नि निकाइ’. पाच वाजता संपतं याला ‘गोजि नि ओवारिमास’ आणि ‘गोजि दे ओवारिमास’ दोन्ही चालतात, ‘दे’ने ‘पाचपर्यंतच, मग बंद’ असा सूर येतो. सुरू होण्याला ही मुभा नाही: नऊ वाजता सुरू होतं हे ‘कुजि नि हाजिमारिमास’, ‘कुजि दे’ नाही.

फसवणाऱ्या जागा

पहिली जागा ‘आरु’. पुस्तकात लिहिलेलं असतं की ‘आरिमास’ म्हणजे असणं, आणि असण्याला ‘नि’. मग ‘उद्या या खोलीत मीटिंग आहे’ याचं ‘कोनो हेया नि काइगि गा आरिमास’ होतं, आणि ते चूक ठरतं. मीटिंग खोलीत ठेवलेली नसते, ती तिथे होते. बरोबर वाक्य ‘आशिता कोनो हेया दे काइगि गा आरिमास’. भूकंप, सण, परीक्षा, सामना, अपघात, जे ‘घडतं’ त्याच्या ‘आरु’ला नेहमी ‘दे’. ‘आहे’च्या जागी ‘होणार आहे’ घालून पाहा. वाक्य टिकलं तर ‘दे’ लावा.

दुसरी जागा ‘करायला जातो’. पुस्तक घ्यायला ग्रंथालयात जातो. पुस्तक घेणं ही क्रिया, म्हणून ‘तोशोकान दे’ असं मनात येतं. पण वाक्याची सूत्रं ‘जातो’च्या हातात आहेत: ‘तोशोकान नि होन ओ कारि नि इकिमास’. पहिला ‘नि’ पोचण्याच्या जागेचा, दुसरा हेतूचा. नुसतं ‘पुस्तक घेतो’ असेल तेव्हा ‘तोशोकान दे होन ओ कारिमास’.

तिसरी जागा बाग. बागेत जाणं ‘कोओएन नि इकु’, बागेत खेळणं ‘कोओएन दे आसोबु’, आणि बागेतून चालत फिरणं ‘कोओएन ओ आरुकु’. जागा पायाखालून मागे पडत जाते तेव्हा ‘ओ’. चालणं, फिरणं, ओलांडणं, उडणं यांच्याशी ‘नि’-‘दे’ची ओढाताण करत बसू नका.

‘जगात सगळ्यात उंच डोंगर’ अशा तुलनेत ‘दे’ येतो, ‘सेकाइ दे इचिबान ताकाइ यामा’, कारण जग इथे स्पर्धेचं मैदान आहे. आणि ऐकताना कानावर पडणारा प्रत्येक ‘दे’ हा आपला ‘दे’ नसतो. ‘गाकुसेइ दे, जूहास्साइ देस’ म्हणजे ‘विद्यार्थी आहे आणि अठरा वर्षांचा आहे’, त्यातला ‘दे’ हे ‘देस’चं जोडरूप. ‘नोन्दे’ हे ‘नोमु’चं रूप. तसंच ‘सेन्सेइ नि नारु’ (शिक्षक होणं) यातल्या ‘नि’ला ठिकाणाचा नियम लावू नका.

इतिहासात ही दोन्ही एकाच घरची आहेत. ‘दे’ हा जुन्या ‘निते’ला घासून झालेला शब्द. ‘निते’ आजही औपचारिक सूचनांमध्ये आणि निमंत्रणपत्रिकांमध्ये कार्यक्रमाच्या जागेपुढे छापलेला दिसतो. अर्थ तोच, ‘दे’चा.

पाठ कसं करायचं

नियम समजला तरी बोलताना तो वेळेवर आठवत नाही, म्हणून शब्द पाठ करण्याची पद्धत बदलावी लागते. ‘सुमु म्हणजे राहणे’ असं कार्ड करू नका. ‘तोओक्योओ __ सुन्दे इमास’ असं रिकामी जागा ठेवून करा, आणि त्याच्या शेजारी ‘तोओक्योओ __ कुराशिते इमास’. आंकीसारख्या अ‍ॅपमध्ये रिकाम्या जागेचं कार्ड एका मिनिटात होतं. जागेला ‘नि’ मागणारी रोजची क्रियापदं मोजकी आहेत: आरु, इरु (माणूस किंवा प्राणी असणं), सुमु, त्सुतोमेरु, तोमारु, सुवारु (बसणं), तात्सु (उभं राहणं), नोरु, हाइरु (आत जाणं), त्सुकु (पोचणं), इकु, कुरु (येणं), काएरु (परतणं), ओकु (ठेवणं), इरेरु (आत घालणं), हारु (चिकटवणं), उएरु (झाड लावणं), काकु. ही अठरा तोंडपाठ करा. ‘काकु’पुढे ‘नि’ फक्त लिहिलं जातं त्या कागदाला किंवा वहीला, हे ध्यानात ठेवा. इतर क्रियापदांपुढे काम कुठे चाललं हे सांगायचं असेल तेव्हा ‘दे’ धरून चाला, चूक क्वचित होईल. उलट बाजूने, म्हणजे ‘दे’ची यादी करत बसलात, तर ती कधी संपणार नाही.

जेएलपीटीच्या (1984 पासूनची जपानी भाषेची परीक्षा, 2010 पासून एन5 ते एन1 अशा पाच पातळ्या) व्याकरणाच्या भागात वाक्याचे चार तुकडे जुळवून तारांकित जागी कोणता येतो ते सांगायचं असतं. तिथेही शेवटचं क्रियापद आधी शोधून मागे मागे यायचं. सुरुवातीपासून जुळवत गेलं की ‘नि’ आणि ‘दे’ दोन्ही जागी बसल्यासारखे वाटतात आणि वेळ जातो.

जपानी भाषकाला काय विचारायचं

ऑनलाइन मदत मागताना सर्वांत वाया जाणारा प्रश्न म्हणजे ‘इथे नि का, दे का नाही?’ मातृभाषकाला ‘का’चं उत्तर सहसा ठाऊक नसतं, जसं आपल्याला ‘टोकियोत’ आणि ‘टोकियोला’ यांतल्या फरकाचं पटकन सांगता येत नाही. मग तो मनाने एखादा नियम सांगतो आणि तो पुढच्याच वाक्यात मोडतो. त्याचा कान मात्र पक्का असतो, तेव्हा प्रश्न कानाला विचारा. दोन पूर्ण वाक्यं द्या, फक्त पार्टिकल वेगळा ठेवा, प्रसंग एका ओळीत सांगा आणि विचारा ‘दोचिरा गा शिझेन देस का’, कुठलं नैसर्गिक वाटतं. उत्तर ‘दोचिरा मो’, म्हणजे दोन्ही, असं आलं तर तिथे थांबू नका. प्रत्येक वाक्य ऐकून डोळ्यांपुढे काय येतं ते विचारा. सोफ्याच्या जोडीतला फरक असाच बाहेर येतो. ‘अर्थ कळतो’ एवढंच उत्तर आलं तर वाक्य बहुधा चुकलेलं आहे आणि समोरचा सभ्यपणे बोलतो आहे.

गप्पांच्या मजकुरातून शिकताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. बोलताना जपानी लोक पार्टिकल गाळतात, पण सगळे सारखे गाळत नाहीत. ‘तोओक्योओ इकु’ असं ‘नि’ खाऊन सर्रास बोलतात. कॅफेत अभ्यास करतो याचं ‘काफे बेन्क्योओ सुरु’ मात्र कोणी म्हणत नाही, ‘दे’ तिथे उच्चारावाच लागतो. जाण्यायेण्याच्या क्रियापदातच पोचण्याची जागा गृहीत असते, म्हणून ‘नि’ नसला तरी चालतं. अभ्यास करण्यात कुठलीच जागा गृहीत नसते.