काचबिंदू: रुग्णाच्या भावंडांना कोण बोलावणार?

काचबिंदूच्या रुग्णाला डॉक्टर हमखास विचारतात, "घरात आणखी कोणाला हा आजार आहे का?" उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असे येते. ते खोटे नसते, पण त्यावर फारसे विसंबूनही राहता येत नाही, कारण घरातल्या इतरांचे डोळे त्या दृष्टीने कधी कोणी तपासलेलेच नसतात. म्हातारपणी आजीचे डोळे गेले होते आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही तिला नीट दिसले नाही, एवढी आठवण घरात असते. ते दुखणे नेमके काय होते हे शोधण्याची वेळ केव्हाच निघून गेलेली असते.

नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे एका मोठ्या लोकसंख्या-अभ्यासाचा भाग म्हणून संशोधकांनी नातेवाइकांना नुसते विचारण्याऐवजी त्यांचे डोळेच तपासले. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार काचबिंदूच्या रुग्णांच्या सख्ख्या भावंडांपैकी १०.४ टक्के व्यक्तींना हा आजार निघाला, तर आजार नसलेल्यांच्या भावंडांमध्ये हेच प्रमाण ०.७ टक्के होते. उतारवयापर्यंतचा एकूण धोका रुग्णांच्या जवळच्या नातेवाइकांसाठी सुमारे २२ टक्के, तर इतरांसाठी २.३ टक्के, म्हणजे जवळपास नऊ ते दहा पट फरक होता. रुग्णांच्या मुलांमध्ये मात्र त्या वेळी केवळ १.१ टक्के व्यक्तींना काचबिंदू आढळला. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे, लोकांनी सांगितलेल्या कौटुंबिक माहितीवर आधारलेल्या पाहणीतही क्रम हाच होता: भाऊ-बहिणीला आजार असेल तर शक्यता सुमारे ३.७ पट, आई-वडिलांना असेल तर २.२ पट, आणि मुलाला असेल तर जेमतेम १.१ पट.

मुले सुटली, असा याचा अर्थ नव्हे. त्यांचे वय अजून आलेले नाही, इतकेच. काचबिंदूचा नेहमीचा प्रकार चाळिशीनंतर डोके वर काढतो आणि पुढे वयाबरोबर वाढत जातो. साठीच्या रुग्णाची भावंडेही साधारण त्याच वयाची असतात, त्यामुळे आज तपासणी केली तर आजार सापडण्याची शक्यता त्यांच्यातच सर्वाधिक असते. प्रत्यक्षात मात्र निदानाने हादरलेला रुग्ण पंचविशीतल्या मुलाला आग्रहाने तपासणीला आणतो, आणि दोनच वर्षांनी धाकटी असलेली बहीण त्याच्या मनातही येत नाही. कुटुंबाच्या तपासणीत सर्वांत जास्त फायदा याच राहून गेलेल्या भावंडांकडे दडलेला आहे, असे मला वाटते.

लक्षणे दिसेपर्यंत थांबण्यात अर्थ नाही. डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत सुमारे दहा ते बारा लाख तंतू असतात. काचबिंदूत हेच तंतू हळूहळू नष्ट होतात, आणि त्यांपैकी एक चतुर्थांश किंवा त्याहून अधिक गेले तरी नेहमीच्या दृष्टिक्षेत्र चाचणीत दोष उमटेलच असे नाही. एका डोळ्याच्या दृष्टिक्षेत्रातील उणीव दुसरा डोळा भरून काढतो, मध्यभागची नजर शेवटपर्यंत शाबूत राहते, आणि चष्म्याच्या दुकानातील अक्षरांच्या तक्त्यावर माणूस शेवटची ओळही वाचून दाखवतो. गेलेले तंतू परत येत नाहीत. औषधाचे थेंब, लेझर किंवा शस्त्रक्रिया यांनी उरलेले वाचवता येतात.

मग सगळ्यांचीच तपासणी का करू नये? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर गणितात आहे. समजा, एखादी चाचणी आजार असलेल्यांपैकी ८५ टक्के व्यक्तींना बरोबर ओळखते आणि निरोगी व्यक्तींपैकी ९० टक्के व्यक्तींना योग्य रीतीने निर्दोष ठरवते. ज्या समूहात आजाराचे प्रमाण २ टक्के आहे, त्यातील हजार जणांना ती लावली तर २० रुग्णांपैकी १७ सापडतील, पण त्यांच्यासोबत ९८ निरोगी माणसेही संशयित ठरतील. म्हणजे संशयित ठरलेल्या दर सात जणांमागे खरा रुग्ण जेमतेम एक. हीच चाचणी १० टक्के प्रमाण असलेल्या हजार भावंडांना लावली तर ८५ खरे रुग्ण आणि ९० खोटे इशारे, म्हणजे संशयितांपैकी जवळपास निम्मे खरे रुग्ण. यंत्र तेच, तंत्रज्ञ तोच. बदलले ते फक्त समोरचे लोक. सर्व प्रौढांच्या सरसकट तपासणीची शिफारस करण्याइतका पुरावा नाही, असे अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृती दलाने २०२२ मध्ये म्हटले, तर ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सेवेत काचबिंदूच्या रुग्णाच्या आई-वडील, भावंडे किंवा मुलांना वयाच्या चाळिशीपासून नेत्रतपासणी मोफत मिळते. या दोन भूमिकांत विसंगती वाटली तरी ती नाही.

तपासणी म्हणजे नुसता डोळ्यातील दाब मोजणे नव्हे. पाऱ्याच्या २१ मिलिमीटरपर्यंतचा दाब सामान्य मानला जातो, पण काचबिंदूच्या रुग्णांपैकी बऱ्याच जणांचा दाब या मर्यादेच्या आतच असतो. शिवाय पारपटल, म्हणजे डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा, पातळ असेल तर यंत्र दाब खऱ्याहून कमी दाखवते. म्हणून पारपटलाची जाडी मोजतात, आणि बाहुलीतून आत डोकावून नसेचे तोंड पाहतात. ते फिकट नारिंगी रंगाच्या गोल चकतीसारखे दिसते आणि त्याच्या मध्याशी एक फिकट खळगा असतो, ज्याला डॉक्टर 'कप' म्हणतात. तंतू झडू लागले की भोवतीची कड पातळ होते, विशेषतः वर आणि खाली, आणि खळगा रुंदावतो. दोन डोळ्यांतील खळग्यांत ठळक फरक असेल तर शंका बळावते. येथे कुटुंबाची एक वेगळीच मदत होते. चकतीचा आकारही आनुवंशिक असतो, आणि मोठ्या चकतीत खळगा जन्मतःच मोठा असतो; भावाबहिणींच्या डोळ्यांची छायाचित्रे शेजारी ठेवून पाहिली की हा मोठा खळगा घराण्याचा आहे की आजाराचा, हे ठरवणे थोडे सोपे होते. नसेच्या तंतूंच्या थराची जाडी मोजणारे ओसीटी स्कॅन आणि दृष्टिक्षेत्र चाचणी यांनी पुढची खातरजमा होते.

आशियाई कुटुंबांत एक चाचणी अजिबात गाळू नये, ती म्हणजे गोनिओस्कोपी. भूल देणारा थेंब घालून आरसे असलेली छोटी भिंग-काच डोळ्यावर टेकवतात आणि आतील पाणी बाहेर जाण्याचा कोन उघडा आहे की अरुंद, हे पाहतात. बंद कोनाचा काचबिंदू आशियात तुलनेने अधिक आढळतो, आणि आखूड डोळा व उथळ पुढचा कप्पा ही कोन अरुंद करणारी ठेवण भावंडांमध्ये सारखी असते. कोन अरुंद निघाला म्हणजे लगेच लेझर, असे मात्र नाही. चीनमधील ग्वांगझू येथे झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लेझरने पुढील बिघाडाचे प्रमाण निम्म्यावर आले, पण मुळात बिघाडच फार थोड्यांत झाला. त्यामुळे कोन, दाब आणि कुटुंबातील आजाराची तीव्रता एकत्र पाहून निर्णय घ्यावा लागतो.

सुरुवात कधी करावी, याचा एक व्यवहार्य नियम ऑस्ट्रेलियाच्या मार्गदर्शक सूचनांत आहे: नातेवाइकाला ज्या वयात आजार झाला, त्याच्या पाच ते दहा वर्षे आधीपासून. त्यामुळे रुग्णाने भावंडांना नुसते "डोळे दाखवून घ्या" असे सांगणे पुरेसे नाही. काचबिंदूचा प्रकार कोणता, निदान कोणत्या वयात झाले आणि दृष्टी किती गेली, या तीन गोष्टी डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घेऊन ती चिठ्ठी प्रत्येक भावंडाकडे पोहोचवावी. ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटावर कुटुंबेच्या कुटुंबे तपासली तेव्हा, आधीच निदान झालेल्या आणि प्रत्यक्षात आनुवंशिक आजार असलेल्या रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोकांना आपल्या घरातील दुसऱ्या रुग्णाचा पत्ताच नव्हता. निरोप पोहोचवण्याचे काम पूर्णपणे रुग्णावर सोडले की असे होते. रुग्णालयानेच संमती घेऊन नातेवाइकांना कळवावे, हा मार्ग मला अधिक भरवशाचा वाटतो.

जनुकीय चाचणी सर्वांसाठी नाही. १९९७ मध्ये मायोसिलिन या जनुकाचा काचबिंदूशी असलेला संबंध स्पष्ट झाला, पण प्रौढांच्या काचबिंदूपैकी त्याचा वाटा जेमतेम दोन ते चार टक्के आहे. बाकीच्यांत शंभराहून अधिक जनुकीय जागांचा थोडाथोडा हातभार असतो. मात्र तरुण वयात, खूप वाढलेल्या दाबाने आणि पिढ्यान्‌पिढ्या आजार दिसत असेल तर ही चाचणी मोलाची ठरते: दोष सापडलेल्या कुटुंबात ज्याला तो नाही, त्याची वारंवार तपासणीतून बऱ्याच अंशी सुटका होते.

तपासणी निर्दोष आली तरी ती त्या दिवसापुरती असते. वय आणि डोळ्यांची स्थिती पाहून डॉक्टर एक-दोन वर्षांनी किंवा त्याहून थोड्या उशिरा पुन्हा बोलावतात. दरम्यान एक सावधगिरी नातेवाइकांनी स्वतःच घ्यायची आहे. स्टिरॉइडच्या औषधाने डोळ्यातील दाब वाढण्याची प्रवृत्ती काचबिंदूच्या रुग्णांच्या जवळच्या नातेवाइकांत इतरांपेक्षा जास्त असते. डोळे लाल झाले म्हणून दुकानातून स्टिरॉइडचे थेंब परस्पर आणून महिनोन्‌महिने घालणे त्यांच्यासाठी विशेष धोक्याचे आहे. दम्यासाठी, त्वचेसाठी किंवा सांध्यांसाठी स्टिरॉइड आवश्यकच असेल तर ते मनाने बंद करू नये; घरात काचबिंदू आहे हे औषध देणाऱ्या डॉक्टरांना सांगावे, आणि ते चालू असेपर्यंत ठरावीक काळाने दाब मोजून घ्यावा.