मेंदूतली वीज नेमकी कोणत्या पेशीला लागते?

यवतमाळ-वर्ध्याकडच्या खेड्यात कुणाला कंपवात असला आणि नागपूरच्या डॉक्टरांनी ‘मेंदूत तार बसवता येते’ असं सांगितलं, की घरातून पहिला प्रश्न येतो तो असा: “डोक्याले करंट देतेत काय? किती व्होल्टचा?” त्यामागे मनोरुग्णालयातल्या ‘शॉक’ची जुनी धास्ती असते. पण प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. वैद्यकशास्त्रही शंभरेक वर्षं बहुतेक हेच विचारत होतं: वीज कुठे द्यायची आणि किती द्यायची. ती कोणत्या जातीच्या चेतापेशीला लागते, हा प्रश्न फार उशिरा ऐरणीवर आला.

गॅल्व्हानीने बेडकाच्या पायावरचे आपले प्रयोग 1791 साली छापले, तेव्हापासून नस आणि वीज यांचं नातं माहीत होतं. मेंदूपर्यंत पोचायला 1870 उजाडलं. बर्लिनमध्ये फ्रिट्श आणि हित्झिग यांनी कुत्र्याच्या उघड्या मेंदूवर ठराविक जागी वीज दिली आणि शरीराच्या विरुद्ध बाजूचा पाय हलला. चारच वर्षांत अमेरिकेतल्या सिनसिनाटीत बार्थोलो या डॉक्टरने कवटीला व्रण पडून मेंदू उघडा झालेल्या मेरी रॅफर्टी या बाईवर तोच प्रयोग केला. काही दिवसांत ती दगावली. त्याच्यावर तेव्हाच टीका झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पुढे माँट्रियलच्या पेनफिल्डने शस्त्रक्रियेदरम्यान जाग्या असलेल्या रुग्णांच्या मदतीने मेंदूचा नकाशा काढला. हे सगळं काम ‘कुठे’ या प्रश्नाचं. विजेच्या तारेच्या टोकाखाली हजारो पेशी आणि तिथून नुसतेच जाणारे तंतू असतात. त्यातलं कोण बोललं, हे नकाशा सांगत नव्हता.

1938 साली रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी सुरू केलेला शॉक तर जागाही नीट निवडत नव्हता. त्यांना फिट आणायची होती, बस्स. सुरुवातीला तो भूल न देताच दिला जाई; गावोगावच्या भीतीचं मूळ तिथे आहे. आपल्याकडे 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक द्यायला बंदी घातली आहे.

‘कोणत्या पेशीला’ या तिसऱ्या प्रश्नाचा धागा खरं तर फ्रान्समध्ये आधीच सापडला होता. लुई लापीकने 1909 मध्ये दाखवलं, की किती वीज दिली याबरोबर ती किती वेळ दिली हेही मोजावं लागतं, आणि प्रत्येक ऊतीचा हा वेळ वेगळा असतो. या मापाला क्रोनॅक्सी म्हणतात. रानडुकरांसाठी धुऱ्यावर झटका मशीन लावलेल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही: मशीनचा झटका क्षणाच्या अंशात संपतो म्हणून जनावर उधळतं, पण मरत नाही, त्याच तारेवर कुणी सरळ लाइन सोडली तर माणूसही जातो. मेंदूत मायलिन या चरबीयुक्त थराचं वेष्टन असलेले जाड अक्षतंतू, म्हणजे पेशीचा संदेश पुढे नेणारे लांब धागे, अगदी आखूड स्पंदनानेही जागे होतात. पेशीच्या मुख्य शरीराला त्याहून बराच जास्त वेळ लागतो.

जेम्स रँकने 1975 मध्ये तोवरची सगळी मोजमापं एकत्र करून हे ठळकपणे मांडलं. 1998 मध्ये नोवाक आणि बुलिए यांनी मेंदूच्या करड्या भागातही पेशींऐवजी अक्षतंतूच आधी पेटतात हे दाखवलं. म्हणजे टोकाला चिकटलेली पेशी गप्प राहू शकते, आणि दूरवरची, जिचा तंतू तिथून गेला आहे, ती बोलू शकते. 2009 मध्ये प्राण्यांच्या दृष्टी-कॉर्टेक्समध्ये, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या पाहण्याच्या भागात, सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तेव्हा तसंच दिसलं: थोड्या विजेने जाग्या झालेल्या पेशी टोकाभोवती गोळा नव्हत्या, विरळ विखुरलेल्या होत्या. नकाशे काढणाऱ्यांच्या सगळ्या मेहनतीवर यामुळे एक प्रश्नचिन्ह लागलं, असं मला वाटतं.

कंपवाताची तार याच्या मधल्या काळातली. फ्रान्समधल्या ग्रेनोबलचे डॉक्टर बेनाबिद मेंदूच्या आत खोल असलेल्या थॅलॅमसचा छोटा भाग जाळण्याआधी जागा तपासायला वीज देत. सेकंदाला शंभराच्या आसपास स्पंदनं दिली की हाताचा कंप थांबतो, हे त्यांच्या लक्षात आलं. मग जाळायचं कशाला? 1987 पासून तार आत ठेवायची पद्धत रुळू लागली. सेकंदाला 130 स्पंदनं, प्रत्येक 60 मायक्रोसेकंदांचं, ही आजची नेहमीची मांडणी. परिणाम जाळल्यासारखा, म्हणून वीज पेशींना बंद पाडते असा समज बरीच वर्षं टिकला. प्रत्यक्षात गोष्ट अधिक तिरपागडी निघाली. तारेजवळच्या पेशीचं शरीर शांत होतं, पण तिचाच अक्षतंतू पुढे संदेश पाठवत राहू शकतो. ‘बंद’ आणि ‘चालू’ एकाच पेशीत.

पेशींच्या जाती वेगळ्या काढायचं काम तर अगदी अलीकडचं. मेंदूत उत्तेजन देणाऱ्या पिरॅमिडल पेशी असतात, तशाच इतर पेशींना रोखणाऱ्याही. त्यात पार्व्हअल्ब्युमिन हे प्रथिन बाळगणाऱ्या पेशी फार वेगाने संदेश सोडतात. 2021 मध्ये अमेरिकेत गिटिस यांच्या गटाने कंपवातासारखी अवस्था आणलेल्या उंदरांच्या मेंदूत, हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या ग्लोबस पॅलिडस या भागात सलग वीज न देता छोटे-छोटे झपाटे दिले. त्याने पार्व्हअल्ब्युमिनवाल्या पेशी चेतल्या, शेजारची दुसरी जात दबली, आणि वीज बंद केल्यावरही उंदरांची हालचाल बराच वेळ सुधारलेली राहिली.

2024 मध्ये उंदरांच्या आणि माणसांच्या कॉर्टेक्समधल्या पेशींवर क्षीण विद्युत क्षेत्राचा परिणाम मोजला गेला. पिरॅमिडल पेशी संथ आणि वेगवान दोन्ही लयींशी ताल जुळवतात. रोखणाऱ्या पेशी मुख्यतः वेगवान लयीला धरतात. विजेने पेशीच्या पटलावर होणारा मूळ परिणाम सगळ्या जातींत सारखाच दिसला. फरक पडतो तो प्रत्येक जातीच्या स्वतःच्या चेतण्याच्या स्वभावामुळे.

हा 2024 चा प्रयोग ऊतीच्या कापांवरचा आहे, 2021 चा उंदरांवरचा. दवाखान्यात अजून तरी डॉक्टर प्रत्येक खेपेला स्पंदनाची ताकद, रुंदी आणि वेग थोडाथोडा बदलून रुग्णाचा हात किती कापतो ते पाहतात. त्यामुळे नागपूरला जाताना ‘किती व्होल्टचा’ एवढंच विचारून भागणार नाही. तार कुठे आहे, स्पंदन किती रुंद आहे, सेकंदाला किती आहेत, हेही लिहून घ्यावं.